मोरसाला गेलेला

देवदिवाळीला आमच्या घरी देवासमोर नारळ मांडतात. घराण्याच्या पाच शाखा, त्यांचे पाच. आणि उजव्या अंगाला, जरा बाजूला सारून, सहावा. तो कुणाचा, असं लहानपणी विचारलं की उत्तर यायचं, "मोरसाच्याचा." पुढे विचारलं की पानावर बसा, मग बोला.

मोरस म्हणजे मॉरिशस. गुळाच्या मुलखात पांढरी दाणेदार साखर त्या बेटावरून आली आणि बेटाचंच नाव तिला चिकटलं, मोरस साखर. माझ्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ ती साखर पिकवायला गेला आणि आला नाही, एवढीच घरातली माहिती. कधी गेला? "बंडाच्या सुमारास." का गेला? खोताचं देणं, म्हणे. मोडीतल्या वंशावळीत त्याचं नाव आहे, बापाचं आहे, त्याच्याखाली रेघ नाही. ते नाव मी इथे लिहीत नाही, भावकीची तशी अट आहे. निघायच्या आदल्या रात्री काकांचा गावाहून फोन आला, "सापडले तर सापडू देत, आनंद आहे. पण सातबाऱ्याचं काही बोलू नकोस." दीडशे वर्षांनी मॉरिशसहून कुणीतरी येईल आणि सामाईकातल्या आंब्यांवर हक्क सांगेल, ही काळजी आमच्याकडे विनोदाने घेत नाहीत.

आधी मुंबईत शोधून झालं होतं. काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, तिथे रजा टाकून चार दिवस बसले. १८३९ साली सरकारने मजुरांना परदेशी पाठवण्यावर बंदी घातली आणि १८४२च्या कायद्याने मॉरिशससाठी कलकत्ता, मद्रास, मुंबई ही बंदरं पुन्हा उघडली, हे कळलं. माझा माणूस मात्र कुठल्याच कागदात नव्हता. मी चाळलेल्या पत्रव्यवहारात माणसं आकड्यांत होती. तेव्हा ठरवलं, जिथे उतरला तिथेच जाऊन विचारायचं. सोबतीला आत्या. वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षिका, एका गुडघ्याची तक्रार आणि शंका विचारण्याची दांडगी हौस.

पहिला दिवस, रविवार

मुंबईहून विमानाने सहा तासांच्या आसपास. आत्याला पिशवीत नारळ घालून न्यायचा होता. झाडपाल्याच्या वस्तू तिकडे अडवतात म्हणून मी तो घरीच ठेवायला लावला, त्यावरून विमान उडेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

विमानतळाबाहेर पडलं की ऊस. मे महिना, तोडणीला अजून अवकाश, त्यामुळे ऊस डोक्याच्या वर आणि काही ठिकाणी तुरे आलेले. रस्ता म्हणजे उसातली फट. मधेच शेतात काळ्या दगडांचे प्रचंड ढीग दिसायला लागले, काही ओबडधोबड, काही पायऱ्या-पायऱ्यांचे, नीट रचलेले. टॅक्सीवाल्याने सांगितलं, ज्वालामुखीचं बेट, जमीन दगडांनी भरलेली. ऊस लावायचा तर आधी दगड वेचा. आधी गुलामांनी वेचले, मग कुलींनी. आत्या काच खाली करून बघत होती. "आपल्याकडे ह्याचे गडगे घातले असते गो," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "पण गडगा घालायला जमीन स्वतःची लागते."

मुक्काम कात्र बोर्नला, एका घराच्या वरच्या मजल्यावर. घरमालकीण घरच्यांशी क्रेओल म्हणजे इथली फ्रेंच वळणाची बोली, आमच्याशी इंग्रजी आणि आत्याशी हिंदी. 'की मान्येर?' म्हणजे कसं काय, एवढं पहिल्याच दिवशी शिकलो.

दुसरा दिवस, सोमवार

मेट्रोने पोर्ट लुई. भारतातून आलेले मजूर जिथे उतरवत, तो आप्रवासी घाट स्थानकापासून जवळच आहे. आधी याला कुली घाट म्हणत, १९८७ पासून हे नाव, २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. नाव मोठं, जागा लहान. उरलंय ते थोडंच: काळ्या दगडाच्या भिंती, दवाखान्याचा भाग, स्वयंपाकाची जागा, शौचकुपांची ओळ, आणि बंदराकडून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. आधुनिक रस्ता मूळ आवारातूनच काढलेला आहे, त्यावरून गाड्यांचा आवाज सारखा येत राहतो.

पायऱ्या आत्याने मोजल्या. मग परत मोजल्या.

हिशेब असा. १८३५ साली इथली गुलामगिरी कायद्याने संपली आणि मळेवाल्यांना नवे हात हवे होते. त्याच्या थोडं आधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, 'अ‍ॅटलस' जहाजातून छत्तीस माणसं इथे उतरली. ती कलकत्त्याहून आलेली, आपली नव्हेत. इंग्रजांनी याला 'महान प्रयोग' म्हटलं आणि प्रयोग जमल्यावर तोच माल त्रिनिदाद, गयाना, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, फिजीला पाठवला. या बेटावर १९२०च्या दशकापर्यंत साडेचार लाखांवर माणसं आली. बंडानंतर तर रीघ लागली; १८५९ या एका वर्षात चाळीस हजारांहून जास्त. 'बंडाच्या सुमारास' हे घरातलं मोघम उत्तर मी तोवर थापच समजत होते, इथे तो आकडा वाचल्यावर जरा ओशाळले.

घाटावर माणूस साधारण दोन दिवस राहायचा. तपासणी, नोंद, नंबर, आणि मग मळ्याकडे रवानगी. पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापायचा, त्याला 'डबल कट' म्हणत. आत्याने पाच रुपयांतून काय काय कापलं जाऊ शकतं याचा तोंडी हिशेब केला आणि म्हणाली, "खोत बरा की रे बाबा." 'रे बाबा' ती त्याला उद्देशून म्हणाली होती, मला नव्हे.

दुपारी बाजाराजवळ ढोल पुरी खाल्ली. शिजवलेल्या डाळीचं पुरण भरून लाटलेली मऊ पातळ पोळी, पण तिखटामिठाची. आत पावट्यासारख्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचा रस्सा, चटणी. जोडीनेच मागायची, एकेक कुणी घेत नाही. बिहारची वस्तू आहे. आत्याने तीन जोड्या खाल्ल्या आणि गूळ विसरले म्हणून बिहारींना नावं ठेवली.

तिसरा दिवस, मंगळवार

ज्यासाठी आलो तो दिवस. रोझ हिलला गाडी बदलून रेद्वीला उतरलो, तिथून मोका येथील महात्मा गांधी संस्था. भारतीय आप्रवाशांच्या मूळ नोंदवह्या इथल्या अभिलेखागारात आहेत. प्रत्येक माणसाची एक ओळ: नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, जहाज, कुठल्या मळ्यावर पाठवला. पुढे १८६०च्या दशकापासून फोटोही. इतका चोख तपशील आमच्या गावच्या एकाही दप्तरात त्या काळातल्या माणसाचा सापडणार नाही. का ठेवला, हे उघड आहे: पळाला तर ओळखता यावा म्हणून. आज तोच नातेवाइकांच्या कामी येतो.

आत आधीच दहाबारा जण होते, सगळे इथलेच. मार्च २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रपती इथे आल्या होत्या, तेव्हा सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाच्या, कार्डाची वाट खुली झाली. त्यासाठी पूर्वजाचा कागद लागतो. शेजारी बसलेल्या तरुण मुलाने फाइल उघडून दाखवली: स्वतःचा जन्मदाखला, बापाचा, आजोबांचा, पणजोबांच्या लग्नाचा, आणि त्या शेवटच्या दाखल्यावर शाईने लिहिलेला एक नंबर. त्या नंबरासाठी त्याने आठ महिने खर्ची घातले होते.

खिडकीपलीकडच्या बाईंनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "नंबर?"

नंबर नाही म्हटलं. आडनाव आहे, गाव आहे, तालुका आहे, खोताचंसुद्धा नाव आहे. बाई हसल्या, पण चांगलं हसल्या. आडनाव वहीत नसतंच, म्हणाल्या. वहीत माणसाचं नाव आणि बापाचं नाव. मग मुलांच्या जन्मदाखल्यावर कारकुनाने त्या पहिल्या माणसाचं नावच आडनावाच्या रकान्यात टाकलं. म्हणून रामजी, बाबाजी, गोविंद ही इथली आडनावं आहेत, आणि तीही फ्रेंच कानाने ऐकून लिहिलेली. गेली दोन वर्षं मी इंटरनेटवर आमच्या आडनावाचे मॉरिशसकर शोधत होते. असा एकही माणूस जन्माला यायची शक्यताच नव्हती.

शेजारचा मुलगा ऐकत होता. त्याने विचारलं, "तुम्हाला गावाचं नाव कसं माहीत?" मी म्हटलं, आम्ही तिथेच राहतो. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या कागदावर गावाच्या रकान्यात जे होतं ते त्याने मला वाचायला दिलं. रोमन लिपीत सात अक्षरं, त्यातलं एकही आपल्याकडच्या गावाशी जुळेना. मी दोनतीन तऱ्हांनी उच्चारून पाहिलं. त्याच्याकडे नंबर होता आणि गाव नव्हतं. माझ्याकडे गाव होतं आणि नंबर नव्हता. आत्याने दोघांना फणसपोळी दिली.

बाईंनी माझा अर्ज नाव, बापाचं नाव, जिल्हा, अंदाजे सालं एवढ्यावर घेतला. वह्या जीर्ण आहेत, हातात मिळायच्या नाहीत. त्या स्वतः बघणार होत्या. शुक्रवारी या, म्हणाल्या.

चौथा दिवस, बुधवार

गंगा तलाव. डोंगरातलं सुंदर तळं, बाजूला १०८ फुटी मंगल महादेव, पायथ्याशी माकडं आणि पर्यटक. महाशिवरात्रीला अख्खं बेट इथे चालत येतं. आज कोणी नव्हतं. पाऊस, धुकं, आत्याचा गुडघा. लवकर परतलो.

पाचवा दिवस, गुरुवार

इथल्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांनी वाकुआजवळच्या एका घरी नेलं. मराठी माणसं बेटाच्या पश्चिमेला, काळ्या नदीच्या जिल्ह्यात आणि वाकुआच्या पठारावर जास्त. कास्काव्हेलला त्यांचं देऊळ आहे. जवळच्या हेन्रिएटा गावी १८९६ साली पहिला गणपती बसला असं सांगतात. आज गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. समाज छोटा, पण शाळेत मुलांना मराठी विषय घेता येतो.

घरातल्या काकी सत्तरीच्या. घरात क्रेओल. त्यांचं मराठी म्हणजे काही शब्द आणि खूपसा आत्मविश्वास. नातवाचं मराठी शाळेतलं, त्यामुळे तो "आपण आसनस्थ व्हावे" म्हणाला आणि आत्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. शिक्षिकेला आणखी काय हवं. कोकणातली जाखडी इथे टिकून आहे. गृहस्थांनी उभं राहून दोन पावलं टाकून दाखवली, पायात घुंगरू नसताना. ती पावलं बरोबर होती. मी लांज्याकडच्या गणपतीत पाहिलीत तशीच.

चटणी वाटायची होती. काकींनी ओट्याच्या कोपऱ्यातल्या काळ्या पाट्यावरचं फडकं काढलं. आमच्या घरी आहे तसाच पाटा, टाकी लावलेला, मध्ये किंचित खोलगट झालेला. "रॉस कारी," त्या म्हणाल्या. कालवणाचा दगड. आत्याने वरवंट्यावर हात ठेवून विचारलं, आणि ह्याला काय म्हणता?

"बाबा," काकी म्हणाल्या.

बाबा म्हणजे? त्यांनी दोन्ही हात जोडून झोळी केली आणि झुलवली. बाळ. दगडाचं बाळ.

आत्या खालीच बसली. गुडघा विसरून, फरशीवर. बारशाला आपण वरवंट्याला कुंची घालतो, तेल-कुंकू लावतो, पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करत इकडून तिकडे देतो आणि बाळाच्या आधी पाळण्यात तो निजवतो. तिने हे सगळं काकींना करून दाखवलं, खऱ्या वरवंट्याला ओढणी गुंडाळून. काकींनी पलीकडून तो घेतला आणि परत दिला. नावाचं मूळ हेच असेल असा माझा दावा नाही. पाट्यावर झुलणाऱ्या गोल दगडाला बाळ म्हणायला मराठीच असावं लागत नाही, आणि बेटावरच्या सगळ्याच घरांत हा शब्द आहे. पण त्या दुपारी असलं काही बोलायची माझी हिंमत नव्हती.

निघताना काकींनी विचारलं, आमचं गाव कुठलं, तुम्हाला सांगता येईल? त्यांच्याकडे नंबर होता. गावाच्या जागी नुसतं 'बॉम्बे' लिहिलं होतं. चढलेल्या बंदराचं नाव.

सहावा दिवस, शुक्रवार

मोका. बाईंनी कागद तयार ठेवला होता. माझ्या काळात त्या नावाची सात माणसं मुंबईहून आली होती. बापाचं नाव जुळणारी दोन. दोघांचाही जिल्हा 'रुटनाघेरी', म्हणजे आपली रत्नागिरी. दोघांचीही जात नुसती 'महरट्टा'. गावाच्या जागी एकाला तालुक्यासारखं काहीतरी, दुसऱ्याला रेघ.

पहिला: वय बावीस, उंची पाच फूट दोन इंच, डाव्या भुवईवर व्रण. काळ्या नदीच्या जिल्ह्यातला मळा. शेरा, १८६७ मध्ये मृत. त्या वर्षी बेटावर मलेरियाची भयंकर साथ होती, हजारोंनी माणसं मेली.

दुसरा: वय एकोणीस, उंची पाच फूट. खूण नाही. पाच वर्षांचा करार पूर्ण. शेरा, मुंबईस परत.

परत. हा शब्द मी तीनदा वाचला. आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश परतले, हे मला वाचून माहीत होतं, पण आमचा माणूस परतणाऱ्यांत असेल हे घरात कुणाच्या मनात कधी आलं नव्हतं. शिवाय सरकारने फुकट परतीचं भाडं तोवर बंद केलेलं होतं. म्हणजे तो आला तर स्वतःच्या पैशाने, पाच रुपयांतून साठवून.

बसथांब्यावर आमचं वाजलं. मी म्हटलं पहिलाच आपला. तालुक्यासारखा दिसणारा शब्द ओढूनताणून 'संगमेश्वर' वाचता येतो, वय जुळतं. आत्या दुसऱ्यावर अडून बसली. "धाकला होता ना? मग एकोणीस."

"मग घरी का नाही आला?"

"मुंबई बंदरात उतरला. गिरण्या निघत होत्या तेव्हा. हातात चार पैसे. गावाला गेला असता तर खोताने पहिल्या दिवशी काढून घेतले असते." जरा थांबून ती म्हणाली, "तो आला होता गो. घरी नाही आला, एवढंच."

मी म्हटलं, पुरावा? आत्या म्हणाली, तुझ्या भुवईला काय पुरावा आहे? बस आली.

शनिवार, परत

विमानतळावर एक किलो साखर घेतली.

देवदिवाळी

काकांना सगळं सांगितलं. त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. पहिल्याची मुलंबाळं नोंदलेली नाहीत ना? नाहीत. दुसऱ्याची? तिथे तरी नाहीत. काका मोकळे झाले. मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, कागद देव्हाऱ्यात ठेवला.

मॉरिशसची साखर चहात पडली. घरच्या काकी म्हणाल्या, आपल्या साखरेसारखीच आहे.

संध्याकाळी नारळ मांडायला आत्या बसली. पाच झाले. उजवीकडे, जरा बाजूला, सहावा. मग तिने पिशवीतून आणखी एक काढला, शेंडी नीट केली आणि सहाव्याला टेकवून ठेवला.

"हा कुणाचा?" काकांनी विचारलं.

"तो मोरसाच्याचा," आत्या म्हणाली. "आणि हा मुंबईच्याचा."